कंसात शांतता

दत्तात्रय मारुती भिलारे यांना विनोद करताना मी कधी पाहिलं नाही. तरी त्यांच्यावर मी दहा भागांची विनोदी मालिका लिहिली. ती पाहून कोणीच हसलं नाही, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की चला, निदान माणूस तरी हुबेहूब उतरला.

बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात ते आवक-जावक शाखेचे प्रमुख होते. शाखा म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं आणि एक मी. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढायचा, आतून गेलेला जावक नोंदवहीत. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हा आमचा विषय नव्हता. मी कंत्राटावर डेटा एन्ट्रीला लागलो होतो. पहिल्या दिवशी कोपरखैरण्याहून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि त्यांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणालो, "नमस्कार साहेब, मी सावंत. आजपासून रुजू झालो."

"झालेला नाहीत," साहेब म्हणाले. "रुजू अहवाल दिलात की व्हाल."

मी अहवाल लिहून दिला. त्यांनी तो वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली, शिक्का मारला, नोंदवहीत चढवला. मग मान वर करून म्हणाले, "या. बसा." तोवर मी पंधरा मिनिटं उभा होतो आणि त्यांच्या लेखी आलोच नव्हतो.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. चेहरा असा की आनंदाची बातमी सांगायला आलेला माणूससुद्धा आधी "काही झालंय का?" असं विचारायचा. त्यांना प्रश्न विचारला की पहिला काही वेळ काहीच घडायचं नाही. नवख्याला वाटायचं, ऐकू गेलं नाही. तो पुन्हा विचारायचा. तेव्हा साहेब शांतपणे म्हणायचे, "पहिल्या वेळचं उत्तर चालू आहे." कोणी "दोन मिनिटांत आलो" म्हणून चहाला गेला की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठेवायचे. तो परत आला की फक्त "अकरा" म्हणायचे. त्यात राग नसायचा. दोनचे अकरा झाले होते, ते त्यांनी दुरुस्त केलं, इतकंच.

मूळ गाव साताऱ्याकडे, जावळी खोऱ्यात. वडील इथल्या मार्केटात माथाडी होते. पण साहेबांच्या तोंडात गाव यायचं ते दिवसातून एकदाच, दुपारी सव्वाला, बायकोच्या फोनवर. "जेवली न्हाईस अजून? मग जेव की." फोन ठेवला की पुन्हा टिप्पणीची भाषा सुरू.

एकदा आमच्या कार्यालयाची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमध्ये अडकली. आत तिघं होतो, मोठे साहेब, भिलारे साहेब आणि मी. मोठे साहेब स्वभावाने धास्तावलेले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते म्हणाले, "भिलारे, अहो काहीतरी बोला."

"कशाबद्दल, साहेब?"

"कशाबद्दलही बोला हो!"

भिलारे साहेब विचारात पडले. प्रामाणिकपणे पडले, हे मला त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. मिनिटभराने म्हणाले, "विषय द्या, साहेब."

विषय काही मिळाला नाही. लिफ्ट सुटेपर्यंत आणखी दहा मिनिटं आम्ही तिघं दाराकडे बघत उभे होतो.

दुसरी गोष्ट माशाची. दिवाळे गावचे एक म्हातारेबाबा घराच्या कागदासाठी वर्षभर खेपा घालत होते. त्यांचा अर्ज कुठल्यातरी शाखेत गडप झाला होता. तो आमचा दोष नव्हता, पण नोंद आमच्या वहीत होती, म्हणून भिलारे साहेबांनी तीन दिवस प्रत्येक शाखेतलं प्रत्येक कपाट उपसलं आणि अर्ज शोधून काढला. चौथ्या दिवशी म्हातारेबाबा पिशवीतून जिताडा घेऊन हजर.

"साहेब, तुमच्यासाठी आनलाय. आमच्या खारीतला हाय, आताच काढलाय. नाय म्हनू नका."

साहेबांनी पिशवीत पाहिलं. मग आवक नोंदवही ओढली आणि लिहिलं, "जिताडा मासा, नग एक." म्हातारेबाबा खूश झाले. साहेबांनी लगेच जावक नोंदवही उघडली आणि लिहिलं, "उपरोक्त मासा मूळ प्रेषकास परत." पिशवी पुढे सरकवली आणि पोच म्हणून सही करायला सांगितली.

म्हातारेबाबा गोंधळले. "म्हंजे घेतला का नाय घेतला?"

"तुम्ही प्रेमानं दिलात, हे कागदावर आलं," साहेब म्हणाले. "मी खाल्ला नाही, हेही आलं. दोन्ही खरं आहे."

म्हातारेबाबांनी सही केली. दारातून वळून ते साहेबांकडे बघत राहिले. त्यांना हसायचं होतं की रडायचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची भाषणं झाली. मग उत्सवमूर्तींना दोन शब्द बोलायला सांगितलं. साहेब उठले, शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. ते म्हणाले, "माझ्या टेबलाच्या उजव्या खणाची किल्ली वरच्या कपाटात आहे. खणाला कुलूप बसत नाही, त्यामुळे किल्लीचा उपयोग नाही. पण ती यादीत आहे." आणि बसले. पुढे काहीतरी येणार म्हणून लोक टाळ्या वाजवायला थांबले. ते थांबणं इतकं लांबलं की समोसे वाटणारा माणूस मधूनच आत शिरला आणि समारंभ संपला.

पुढे माझं कंत्राटही संपलं. माझा कॉलेजचा मित्र निखिल ॲनिमेशन शिकून आला होता. आम्ही खारघरला एका बेकरीच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि मालिका बनवली. नाव 'आवक-जावक'. नायक कणसे साहेब, एका कार्यालयात नोंदी करणारा, गोल डोक्याचा, न हसणारा माणूस. लिहिलं मी, चित्रं निखिलची, आवाजही त्याचाच. अकरा मिनिटांचा एक भाग. लिफ्ट होती, मासा होता, निवृत्तीचं भाषण होतं. एका अख्ख्या भागात कणसे टाचणी काढायचं यंत्र शोधतात आणि ते सापडत नाही.

एका ॲपने ती घेतली आणि त्यावर 'फक्त प्रौढांसाठी' अशी पट्टी लावली. त्या पट्टीमुळे काही लोक मोठ्या आशेने आले. शिव्या आणि शयनगृह शोधता शोधता त्यांना टाचण्या दिसल्या. त्यांनी खाली जे अभिप्राय लिहिले, त्यात मात्र शिव्या होत्या. ॲपच्या मॅडम आमच्याकडे येऊन एक भाग पाहून म्हणाल्या, "छान आहे, पण पंच कुठे येतो?"

"गेला तो," निखिल म्हणाला.

"कधी?"

"मगाशी. कणसे खिडकीकडे बघत होते ना, तेव्हा."

दहा भागांनंतर ॲपने मालिका बंद केली. त्याच आठवड्यात स्टुडिओच्या पत्त्यावर एक लिफाफा आला. आत टंकलिखित पत्र. वर जावक क्रमांक. 'विषय : आवक-जावक या व्यंगचित्र मालिकेतील त्रुटींबाबत. संदर्भ : सदर मालिकेचे भाग १ ते १०.' मजकूर दोन ओळींचा, की एकूण सतरा त्रुटी आढळल्या असून चर्चेसाठी वेळ मिळावी. खाली सही, द. मा. भिलारे. आणि त्याखाली, 'प्रत माहितीस्तव : सौ. सुमन द. भिलारे.'

निखिलचं तोंड उतरलं. "केस टाकणार रे हा माणूस. आपण नाव बदललं होतं ना?"

"नाव बदललं होतं," मी म्हणालो. "बाकी काहीच बदललं नव्हतं."

दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळेला साहेब जिना चढून आले. तोच शर्ट, तीच दोन पेनं, मात्र शर्टाला इस्त्री नव्हती आणि माणूस बराच वाळला होता. मी आधीच घोकून ठेवलेली माफी सुरू केली. "साहेब, कणसे म्हणजे तुम्ही नाहीत..."

"ते मला माहीत आहे." मग थोडा वेळ गेला. "मी इतकं हळू बोलत नाही."

निखिलने खुर्ची मागे वळवली. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी वही उघडली. "भाग दोन. कणसे हिरव्या शाईनं शेरा लिहितात. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याला. मी कधी वापरली नाही. लोकांचा गैरसमज होईल." अशा एकेक करत सोळा त्रुटी झाल्या. शिक्का डाव्या हाताने मारला आहे. जावक नोंदवही लाल कापडाची असते, निळ्या नाही. जिताड्याला मिशा दाखवल्या आहेत, मिशा शिंगाळ्याला असतात. कुठेही 'माझी थट्टा केलीत' असा सूर नव्हता. थट्टा करा, पण अचूक करा, एवढंच त्यांचं म्हणणं दिसत होतं.

"सतरावी," ते म्हणाले, आणि वही मिटली. "कणशांना बायको नाही."

आता मला बोलणं भाग होतं. "साहेब, तो मुद्दाम घेतलेला निर्णय आहे. एकटा माणूस दाखवला की त्याचं अवघडलेपण जास्त उठून दिसतं. बायको आली की मालिका घरगुती होते."

"कणसे रोज डबा खातात. दहाही भागांत खातात. तीन पुडाचा डबा, वर लोणचं वेगळ्या डबीत." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो भरतं कोण?"

मी तीन वर्षं त्या डब्यातलं लोणचं खाल्लं होतं.

मग हळूहळू बाकीचं समजलं. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी सुमनकाकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण 'पाणी' म्हणायला जावं तर तोंडातून 'परवा' निघायचं. मग स्वतःचीच लाज वाटून काकूंनी बोलणंच सोडलं. त्यांच्या कोपरखैरण्याच्या घराला जिना होता, म्हणून लिफ्टवाल्या इमारतीत, कामोठ्याला भाड्याने राहायला आले. मुलगी वैशाली पुण्याला असते. ती एकदा आलेली असताना फोनवर तिला आमच्या मालिकेचं नाव दिसलं. बाबांच्या शाखेचं नाव म्हणून तिने सहज लावलं.

"लिफ्टचा भाग होता," साहेब म्हणाले. "कणसे म्हणाले, विषय द्या. आणि मंडळींना ठसका लागला. मी पाणी आणायला धावलो. वैशाली म्हणाली, बाबा, ठसका नाही, आई हसतेय."

खाली बेकरीतला माणूस पावाचे ट्रे आपटत होता.

"आठ महिन्यांत तिचा आवाज ऐकला नव्हता," साहेब म्हणाले. मग त्यांनी पेन काढलं. "पुढचे भाग कधी?"

"पुढचे नाहीत, साहेब. बंद केली मालिका."

"कारण?"

"लोक हसले नाहीत."

साहेबांनी ते लिहून घेतलं. वाचून पाहिलं. "एक हसलं," ते म्हणाले. "तशी दुरुस्ती करून पुन्हा कळवावं लागेल."

आणि त्यांनी खरोखरच ॲपला कळवलं. फेरविचाराची विनंती, मग पहिलं स्मरणपत्र, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात संगणकाचं तेच ठरलेलं उत्तर यायचं, प्रिय ग्राहक, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. साहेबांनी ती चारही उत्तरं छापून फाइलला लावली. "नाव चुकवतात," ते मला फोनवर म्हणाले, "पण उत्तर वेळेत देतात. आमच्याकडे असं नव्हतं."

माझ्याकडे पुढच्या चार भागांच्या संहिता लिहून पडल्या होत्या. चित्रं होणार नव्हती. साहेबांनी त्या मागितल्या, मी कामोठ्याला नेऊन दिल्या. काकू खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत होत्या. डाव्या हाताने त्यांनी नमस्काराचा अर्धा भाग केला. साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली, समोर खुर्ची घेतली आणि नोटीस वाचावी तसं वाचायला सुरुवात केली.

मला लाज वाटेल इतकं वाईट वाचत होते. एक शब्द खाली-वर नाही. शिवाय जे वाचायचं नसतं तेही वाचत होते. "प्रवेश एक. कार्यालय. दिवस. कणसे टेबलाशी बसले आहेत. स्वल्पविराम. समोर अर्जदार. कंसात शांतता."

काकूंच्या घशातून एक विचित्र आवाज आला. चेहऱ्याची डावी बाजू वर गेली, उजवी जागीच राहिली.

"कणसे अर्जाकडे बघतात. अर्जदार कणशांकडे बघतो. कंसात शांतता, आधीपेक्षा लांब."

आता काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डाव्या हाताने त्या खुर्चीचा दांडा बडवत होत्या. मी महिनोन् महिने त्या शांतता लिहिल्या होत्या, निखिलने त्या सेकंद मोजून चितारल्या होत्या, आणि त्या मोठ्याने वाचायच्या असतात हे आम्हाला सुचलं नव्हतं. साहेब वाचता वाचता थांबले आणि गंभीरपणे मला म्हणाले, "इथे चुकीच्या ठिकाणी हसते ती. तुमचा विनोद पुढच्या पानावर आहे."

"असू दे, साहेब. तुम्ही वाचा."

"वाच की," असं काहीतरी काकूही म्हणाल्या. ऐकू आलं ते 'वारा' होतं. पण साहेबांना कळलं. "हां, हां, वाचतो की," ते गावाकडच्या सुरात म्हणाले आणि पान उलटलं.

चार संहिता संपायला किती दिवस लागणार? महिन्याभरात त्या दोघांच्या पाठ झाल्या. साहेबांनी मला आणखी लिहा असं कधी म्हटलं नाही. मीही आपणहून लिहिलं नाही. तेव्हा आम्ही मुलांच्या बडबडगीतांची कामं घेत होतो, सकाळपासून गाजरं नाचवत होतो, आणि वेळ नाही हे कारण मला खरं वाटत होतं. मग एक दिवस निरोप आला, प्रजासत्ताक दिनाला इमारतीत सत्यनारायण आहे, प्रसादाला यावे, नंतर कार्यक्रम आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी वैशाली त्यांना पुण्याला घेऊन गेली, त्यामुळे साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते त्या प्रजासत्ताक दिनालाच.

पार्किंगमध्ये मांडव, सत्तर-ऐंशी खुर्च्या, हातात शिऱ्याचे द्रोण. पोरांचे नाच झाले. मग सोसायटीचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आता बी विंगचे आपले भिलारे काका एक कविता सादर करणार आहेत."

साहेब स्टेजवर चढले आणि माइक ओढून घेतला. "कविता नाही. भाग अकरा. कणसे आणि सौ. कणसे लग्नाला जातात."

हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मला कल्पना नव्हती. पहिल्या रांगेच्या कडेला काकू होत्या, अंगावर मोरपंखी साडी, खुर्चीला ब्रेक लावलेला.

कणसे पती-पत्नी पनवेलच्या एका हॉलमध्ये नातेवाइकाच्या लग्नाला जातात. हॉल दोन मजली, वर एक लग्न, खाली एक. हे खालच्या लग्नात शिरतात, भिंतीवरचं घड्याळ आहेर म्हणून देतात, नवरा-नवरीच्या मध्ये उभे राहून फोटोही काढतात. तेव्हा नवरा विचारतो, "आपण मुलीकडचे का?" कणसे विचार करतात. कंसात शांतता. "आम्ही वरच्या मजल्याकडचे."

साहेब हे सगळं एकाच पट्टीत वाचत होते. पोरं खुर्च्यांमधून पळत होती. मागच्या रांगेत लोक फोन बघत होते, कोणी एक हसलं नाही. एकट्या काकूंचा तो घोगरा आवाज मांडवभर येत होता. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. आजारी बाई हसतेय तर आपण हसावं की न हसावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. माझ्याच कानांच्या पाळ्या गरम झाल्या. वाटलं, आता थांबा, साहेब, पुरे झालं. ते थांबणाऱ्यातले नव्हते.

"घड्याळ गेलं. वरच्या लग्नात रिकाम्या हातानं कसं जायचं? कणसे घामाघूम. ते सौभाग्यवतींकडे बघतात आणि विचारतात, आता काय करायचं? सौ. कणसे शांतपणे म्हणतात, दोन टिंबं..."

इथे पान संपलं. पुढची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. साहेबांनी बोट ओलं करून ती सोडवायला घेतली.

"जिलबी," पहिल्या रांगेतून आवाज आला. मग जरा दम घेऊन, "गरम हाय. जेवू की."

शब्द जड होते, पण ते तेच शब्द होते, दुसरे नव्हते. मांडवातल्या बायका आता सरळ काकूंकडे बघत होत्या. काकूंचा चेहरा एका बाजूने फुलला होता. त्या घड्याळाच्या लग्नाला त्या स्वतः गेल्या होत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

साहेबांनी पान सोडवलं. त्यावर पाहिलं. मग काकूंकडे. मग पुन्हा पानावर, अक्षरावर बोट ठेवून, शब्द न् शब्द.

"बरोबर आहे," ते माइकवर म्हणाले.

पान हातात होतं, ओठ हलत होते, पण वाचन पुढे जात नव्हतं. इतका वेळ गेला की अध्यक्षांना वाटलं माइक बंद पडला. ते लगबगीने पुढे आले आणि त्यावर टिचक्या मारू लागले.